खोटा घुमट

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लिंबायतमधली मागकामगारांची चाळ दोन दिवसांत ओस पडली. योगराज महालेने बायकोला, सोनालीला, लेकीसह भुसावळ पॅसेंजरमध्ये कसंबसं चढवलं.

"तुम्हीपण चला ना," खिडकीतून ती म्हणाली.

"चार दिवसांत येतो."

तो गेला नाही. त्याच्या मनाला एक गोष्ट टोचत होती.

चाळीतला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा तो. तेल शोधणाऱ्यांना जमिनीखालचं चित्र काढून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो संगणकावर बसे. शेतात सुरुंग उडवायचे, खोल खडकांवर आपटून परतलेला आवाज ओळीने मांडलेल्या यंत्रांनी टिपायचा. लांबच्या यंत्राला तो उशिरा पोचतो. किती उशिरा, ते खडकातल्या आवाजाच्या वेगावर ठरतं. हा वेग योगराज निवडायचा. वेग चुकला की चित्र चुकलं.

बारडोलीच्या उसातून गेलेल्या ओळीवर खोलवर एक घुमट दिसला होता. अशाच ठिकाणी तेल साचतं, म्हणून साहेब खूश होते. पण वर काळ्या खडकाच्या थराच्या माथ्यावरही तसाच, निम्म्या उंचीचा उंचवटा होता; आणि खालच्या घुमटाचा प्रतिध्वनी बरोबर दुप्पट वेळाने येत होता. तोच आवाज वरच्या थरात दोनदा आपटून तर आला नव्हता? आपण वेग दोन-दोन किलोमीटरवर निवडले, तेही मंद, वरच्या थराला जुळणारे. त्यानेच हे भूत उभं राहिलं असेल. पुन्हा वेग निवडू का, असं साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "एटलो टाइम क्यां छे, भाई?"

आता वेळच वेळ होता. साहेबही शहर सोडून गेले होते, ऑफिसची किल्ली त्याच्याकडे होती. तोंडाला रुमाल बांधून तो रिकाम्या रस्त्याने जाई आणि दर पाव किलोमीटरवर नव्याने वेग निवडत बसे. दिवसभर कुणाशी एक शब्द होत नसे. चाळीत नळाला धो धो पाणी होतं, भरायला कुणी नव्हतं. माग थांबल्यामुळे कान सुन्न झाले होते; भाताचा कुकर लावला की शिट्टीची सोबत वाटे.

अकराव्या दिवशी नवं चित्र पडद्यावर आलं. घुमट विरला होता. त्या जागी सपाट, आडवे थर, एकावर एक. तो ताडकन उठला, आणि सांगायला कुणी नाही हे ध्यानात येऊन तसाच उभा राहिला.

मग एसटीडी बूथ गाठून त्याने गावातल्या दुकानात फोन लावला. सोनालीला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता.

"तठे एकला काय करस?" ती आल्या आल्या म्हणाली.

"ते तेलाचं ठिकाण खोटं निघालं. माझीच चूक होती. सुधारली."

"म्हणजे तेल नाहीच?"

"तिथे नाही."

"मग जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली.

साहेब परतले. चित्र बघून डोकं धरून बसले, पण माणूस सरळ. अहवाल तसाच तेल कंपनीला पाठवला. तिथे खणायची तेलविहीर रद्द झाली. अहवालावर योगराजचं नाव नव्हतं. सोनाली मात्र लेकीला गावच्या शाळेत घालून तिथेच राहिली. भीती तिच्या मनातून गेली नाही. तो महिन्यातून एकदा जाई. बाकीचे दिवस, पुढे कितीतरी वर्षं, पाव-पाव किलोमीटरवर वेग निवडत राहिला. दोन किलोमीटरवर त्याने पुन्हा कधीच भागवलं नाही.