उसनं नाक

इस्त्रीवालीने सासऱ्याला जेवणातून काहीतरी घातलं, ही कुजबुज जिना उतरेपर्यंत विषाची झाली, आणि चौकात पोचली तेव्हा तिच्यात विषाची बाटलीसुद्धा होती. पुरावा? तसा गल्लीला पुरावा लागत नाही, पण इथे तोही होता. म्हातारा गेल्यापासून त्या घरात गॅस पेटला नव्हता. रोज संध्याकाळी नवरा, बायको आणि लेक चौकातल्या बर्गरच्या दुकानात भिंतीलगतच्या टेबलाशी बसत, कागदी खोक्यांतून खात आणि मुकाट घरी जात. "स्वतःच्याच हाताला भ्यायलीय ती," असं दूधवाली म्हणायची. ही बाई दुधाबरोबर बातम्याही घरोघर टाकायची, आणि पाणी दोन्हींत घालायची.

एके काळी याच इस्त्रीवालीच्या खिडकीखाली आले की लोकांच्या बुटांच्या नाड्या आपोआप सुटत. बांधायला वाकायचं आणि वर काय शिजतंय ते हुंगून घ्यायचं.

ती लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर होती. त्या कामात डोळ्यांपेक्षा नाक मोठं. कापड करपायच्या आधी वास देतं, त्या वासावर हात उचलायचा. थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. साबण नाही, घाम नाही, कांदा नाही. मालकाच्या कानावर गेलं असतं तर इस्त्री सुटली असती, म्हणून ती कुणालाच बोलली नाही. आच कमी ठेवून, हळूहळू, मान मोडून काम उरकू लागली.

घरी मात्र पितळ उघडं पडलं. एकदा दूध करपून घरभर वास सुटला, आणि ही शेजारीच उभी राहून शांतपणे भाजी चिरतेय. म्हातारा काठी टेकत आला आणि त्याने गॅस बंद केला.

"सूनबाई, वास येत नाही का गं?"

"सर्दी आहे, बाबा."

"सर्दी की पाहुणी? थंडीत आली ती उन्हाळा आला तरी हलत नाही!"

ती रडली. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्टूल ओढून ओट्याजवळ बैठक मारली. "माझं नाक वापर. नाहीतरी रिकामंच असतं."

तेव्हापासून ठरलं. स्वयंपाक चालू असताना म्हातारा स्टुलावर. काठी एकदा आपटली की ठीक, दोनदा आपटली की काहीतरी बिघडलंय. नवरा हसायचा, "बाबांना म्हातारपणी भांड्यांची गोडी लागली!" बिचारा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, घरात काय अडकलंय ते त्याला कधी दिसलं नाही. त्याला एवढंच कळलं, की बायकोच्या हातची चव उतरलीय. दमली असेल, अशा समजुतीने तो येताना खोकी आणू लागला. लेक खूश. अर्धं खाऊन उरलेलं फ्रिजमध्ये कोंबायची, दुसऱ्या दिवशी नवं खोकं यायचं. आईने वाढलेलं ताट ती बोटाने पुढे सरकवायची.

इस्त्रीवालीच्या जिवाला लागलं ते हे. नाक गेलं तर गेलं, पण लेक आपल्या ताटावरून उठून गेली, ती परत यायला हवी. तशात नणंद जेवायला येणार असं कळलं. आधी फोनवरच बोलून मोकळी: "वहिनी, दमू नकोस हं. दादा काहीतरी मागवेल. हल्ली तुझ्या हातचं म्हणजे…" पुढचं तिने सभ्यपणे गिळलं.

मग इस्त्रीवालीने आदल्या संध्याकाळीच मटणाचा रस्सा केला, टोमॅटो घालून आंबटसर, पूर्वीसारखा. म्हाताऱ्याची काठी एकदाच वाजली. पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला गेली, तर आत खोकीच खोकी. टाकली तर लेक रुसेल. पातेलं ओट्यावरच राहिलं, त्या उकाड्यात.

दुसऱ्या दिवशी तिने ते गरम केलं. म्हातारा स्टुलावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो जरा थांबला, मग काठी वाजली. एकदाच.

ताटं मांडली आणि लेकीने नाक दाबलं. "ईऽ आई, कसला वास मारतोय!"

नणंद खुर्चीसकट मागे सरकली. "दादा, जा बाबा, चौकातून काहीतरी आण."

नवरा उठलाच. इस्त्रीवाली डाव हातात धरून तशीच उभी.

"खोकी खाऊन नाकं सडलीत तुमची!" म्हातारा कडाडला. "वाढ गं मला."

त्याने वाटी संपवली. पुन्हा वाटी पुढे केली. तिचा चेहरा उजळला. म्हाताऱ्याचं नाक खोटं बोलणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांदा तिने काठोकाठ वाढलं, वरून चांगले तुकडे शोधून. नणंद बघत होती. पुढे गल्लीत तिने सांगितलं तेही हेच: कुणी शिवलं नाही, आणि हिने सासऱ्याला आग्रहाने दोनदा वाढलं.

सकाळपर्यंत म्हातारा पांढराफटक पडला होता. दवाखान्यात तिने त्याचा हात धरला तेव्हा तो पुटपुटला, "आठवडाभर नाक चोंदलंय गं माझं. सांगितलं असतं तर तू स्वयंपाक सोडला असतास. तुझ्या नाकाचं कुणाला बोलू नकोस. इस्त्री जाईल."

ती बोलली नाही. इस्त्री राहिली. बर्गरच्या दुकानात ती खोकं उघडते, गरम पुठ्ठ्यासारखं काहीतरी चावते. नवरा समोर बसतो आणि विचारत नाही. लेक आताशा तिच्या हातून पाण्याचा ग्लासही घेत नाही, स्वतः भरून घेते.

विष नव्हतं. रस्सा नासला होता. तिला वास येत नव्हता, आणि त्या आठवड्यात म्हाताऱ्यालाही येत नव्हता.