भाच्याचा शब्द, मामाचं तोंड

कोराजू गावच्या बांगवेत, म्हणजे मशिदीसमोरच्या दगडी बाकांच्या चावडीत, बोलायला नुसती जीभ असून भागत नाही. मोठं लग्न झालेलं असावं लागतं. साधं लग्न कुणीही करतो, पोरंबाळंही होतात. पण बैल कापून, गावाला जेवू घालून, बायकोच्या अंगावर सोनं चढवून, नाचगाण्याचे सगळे दिवस पार पाडून दाखवले, की मगच माणूस पुढच्या बाकावर बसतो. तो जरीचा काळा झगा घालतो आणि त्याच्या बोलण्याला शब्द म्हणतात. बाकीचे केस पिकले तरी पोरंच.

सूले म्बाए हा कोराजूचा शिंपी. मोठ्या लग्नासाठी त्याने अकरा वर्षं मादागास्करात, माजुंगा बंदरात, परक्यांचे सदरे शिवले. १९६४ साली लग्न झालं आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो माणसांत आला. आवाज खणखणीत होता, बोलणं तोलून मापून. गावात कज्जा मिटवायचा असला की सूलेला पुढे करत.

त्याच्या बहिणीचा मुलगा हमादी फ्रान्सात शिकून आला, मास्तर झाला आणि १९७० साली निवडणुकीला उभा राहिला. राजधानी मोरोनीत तो दोन-दोन तास बोलायचा. पण स्वतःच्या गावात आला की मागे नारळाच्या झाडाला टेकून उभा. मोठं लग्न झालं नव्हतं आणि करायची त्याची इच्छाही नव्हती. हा पैशाचा धूर आहे, असं तो म्हणे.

पहिल्या सभेला बांगवेतले सर्वांत जुने म्झे, म्हणजे वडीलधारे, तोइबू यांनी विचारलं, "काय रे सूले, आज भाचा मुका झालाय का?"

"घसा बसलाय त्याचा, म्झे. मोरोनीत फार वापरला."

"मग तू बोल की. तुझा घसा तर झग्यातच शिवलेला आहे."

लोक हसले आणि सूले बोलला. हमादीने त्याला घरी सगळं समजावून सांगितलं होतं: राज्यघटना, स्वयंनिर्णय, फ्रेंच गव्हर्नर. सूलेने त्यातलं पाण्याच्या टाकीचं आणि बंदरापर्यंतच्या रस्त्याचं तेवढं ठेवलं. सभा जिंकली. परतताना हमादी कुरकुरला, "मामा, मी दिलेल्या कापडाचा तुम्ही भलताच सदरा शिवलात."

"तुझ्या मापाचा इथे कुणाला बसत नाही रे."

पुढची पाच-सहा वर्षं असंच चाललं. बांगवेत उसन्या शब्दाची सोय नाही. जो बोलला, शब्द त्याचा. सूले कुणासाठी बोलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गावचा मुलगा मोठा होत होता, म्हणून सगळ्यांनी डोळेझाक केली. टाकी झाली. रस्ता अर्धा झाला.

१९७५ साली स्वातंत्र्य आलं आणि महिनाभरात उठाव झाला. नव्या राजवटीत हमादी मंत्री झाला. राजवटीला जुनं सगळं मोडायचं होतं आणि त्या यादीत मोठं लग्न वरच होतं. हुकूम रेडिओवरून निघाला, पण कोराजूत कुणी तो कानावर घेतला नाही. रेडिओचं कुठे मोठं लग्न झालंय, असं म्हणून म्झे तोइबू हसले.

मग हमादी जीप घेऊन मामाच्या दुकानात आला. मशीनवर त्या वेळी एका नवऱ्या मुलाचा झगा होता.

"मामा, उद्या बांगवेत तुम्ही सांगा. मोठं लग्न बंद, झगे बंद. जो तो हवं तिथे बसेल, हवं ते बोलेल."

"मीच सांगू? अकरा वर्षं परमुलखात काढली रे मी ह्याच्यासाठी."

"म्हणूनच. तुमच्या तोंडून आलं तर ऐकतील. मी सांगितलं तर ते ऐकणार नाहीत आणि मग राजवटीच्या कमिटीची पोरं काठ्या घेऊन येतील. ते तुम्हाला हवंय?"

सूलेला ते नको होतं. शिवाय हमादी अगदीच चुकीचं बोलत नाही, असंही त्याच्या मनात होतं. माजुंगाला त्याच्याबरोबर गेलेले दोघे मोठ्या लग्नासाठी पै-पै साठवता साठवता तिथेच मेले होते. त्याची बायको झलिहाता हिने मात्र स्वयंपाकघरातून सुनावलं, "मंत्री साहेब, तोंड मोरोनीत विसरलात वाटतं? दर वेळी आमच्याच घरचं उसनं नेता."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, सूले झगा घालून उभा राहिला आणि चार वाक्यांत त्याने मोठं लग्न बंद केलं. काठ्या आल्या नाहीत. त्या आठवड्यात गावातले सव्वीस झगे कमिटीने शाळेच्या खोलीत कोंडले. त्यांतले एकोणीस सूलेने शिवले होते. पुढे गळक्या छपराखाली ते कुजले.

१९७८च्या मे महिन्यात राजवट पडली. हमादी तुरुंगात गेला. कोराजूत बांगवे पुन्हा भरली आणि पहिला निर्णय झाला तो सूलेला वाळीत टाकण्याचा. हमादीवर काहीच कारवाई नव्हती. ज्याला बाकच नाही त्याला उठवणार कुठून?

वाळीत म्हणजे त्याच्या सलामाला उत्तर नाही, त्याच्या चुलीला विस्तव नाही, गावच्या मांसात वाटा नाही. शेजारच्या गावचे लोक कपडे शिवायला देत, त्यावर घर चाललं. १९८०मध्ये हमादीची आई, म्हणजे सूलेची सख्खी बहीण, वारली. मुलगा तुरुंगात होता आणि भावाला जनाज्याला खांदा देऊ दिला नाही. तो कबरस्तानाच्या गडग्याबाहेर, काळ्या दगडांवर उभा राहिला. लोक परतले तेव्हा त्याच्याकडे न बघता गेले.

हमादी सुटला, दोन वर्षं गप्प बसला, मग नव्या पक्षात शिरला. १९८६ साली त्याने मोठं लग्न केलं. पूर्वी धूर म्हणणाऱ्या माणसाने चौदा बैल कापले. त्यावर जाहीरपणे कुणी हसलं नाही. झगा सूलेने शिवला. कापड परगावच्या माणसाबरोबर आलं, मापं त्याला पाठ होती. पोट तेवढं चार बोटं वाढवून घेतलं.

त्याच वर्षी सूलेच्या थोरल्या मुलीला, मोइनाएशाला, स्थळ आलं. नसूर हा गावचाच, फ्रान्सात मार्सेलीच्या गोदीत कामाला. त्याला मोठं लग्न तिच्याशीच करायचं होतं आणि तिलाही तोच हवा होता. पण वाळीत टाकलेल्या बापाच्या मुलीच्या अंगणात गाव नाचायला येत नाही. नसूरच्या मामांनी मुदत घातली: ईदनंतर त्याची रजा संपते, तोवर घर मोकळं झालं नाही तर दुसरी मुलगी बघू.

झलिहाताने हमादीला बोलावून घेतलं. "आता तुला बोलता येतं ना? मग बोल."

"बोलतो मामी. सगळं माझ्यावर घेतो."

आणि तो खरंच बोलला. बाकाच्या टोकाला, नव्या माणसाच्या जागेवरून तो उठला. सूले बाहेर, भिंतीपलीकडे उभा होता.

"ती बंदी माझी होती," हमादी म्हणाला. "मामांनी ती फक्त उच्चारली. त्यांचा दोष नाही."

म्झे तोइबू तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांनी विचारलं, "तू तेव्हा ह्या बांगवेत बोललास?"

"मी कसा बोलणार म्झे? माझं मोठं लग्न—"

"मग तू काहीच बोलला नाहीस. आणि आज बोललास ते आजचं. मागे जाऊन तो शब्द तुझा होत नाही."

"पण हुकूम मी दिला होता! सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला पुष्कळ माहीत असतं. बांगवेला तेवढंच माहीत असतं जे इथे बोललं गेलं. सूलेने येऊन सांगावं की शब्द माझा होता, डोकं माझं होतं, मी चुकलो. आम्ही घेऊ त्याला परत."

हमादी खाली बसला. त्याच वर्षी त्याला बेटाच्या गव्हर्नरपदासाठी उभं राहायचं होतं आणि विरोधक जिथे तिथे त्या बंदीवरून त्याला टोचत होते. बाहेर येऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, त्यांना हवं ते म्हणून टाका. शब्दाने काय जातं?"

"तुझं काही जात नाही," सूले म्हणाला. "उलट येतंच."

ईदला नऊ दिवस होते. सूले दिवसभर मशीनवरच बसून राहिला. झलिहाताने दोनदा जेवणाचं ताट परत नेलं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर बसली. "ही आठ वर्षं तुम्ही खऱ्यासाठी काढलीत का? नाही. त्यांनी काढायला लावली म्हणून काढलीत. मग आता कसला एवढा विचार?"

"खोटं सांगून आत जायचं म्हणतेस?"

"पोरीचं लग्न व्हायचं म्हणते. आत जाऊन तुम्ही कुठे बसाल ते तुम्ही बघा."

मोइनाएशा दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

ईदच्या आधीच्या शुक्रवारी सूले बांगवेत शिरला. झगा नव्हता, तो शाळेत कुजला होता. साध्या पांढऱ्या सदऱ्यात तो उभा राहिला आणि म्हणाला, "दहा वर्षांमागे मी इथे मोठं लग्न बंद केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. शब्द माझा, डोकं माझं. मी चुकलो."

म्झे तोइबूंनी हात वर केला आणि लोकांनी त्याच्या सलामाला उत्तर दिलं. हमादी टोकाच्या बाकावर होता. त्यानेही दिलं.

लग्न ठरल्या दिवसांत झालं. बायका चंदनाची उटी लावून अंगणात नाचल्या, मांसाचा वाटा घरी आला, नसूर सोन्यासकट दारात उतरला. वरात आत शिरत असताना मोइनाएशाने बापाला बाजूला घेऊन विचारलं, "तो शब्द खरंच तुमचा होता का?"

"आता आहे," सूले म्हणाला.

चार महिन्यांनी निवडणूक झाली. मतदानाच्या आदल्या आठवड्यात मोरोनी रेडिओवर हमादीची मुलाखत होती. मोठ्या लग्नावरच्या बंदीबद्दल विचारल्यावर तो अजिबात अडखळला नाही. "ते पाप माझं नाही. आमच्या गावात ती बंदी माझ्या मामांनी स्वतःच्या मनाने घातली होती. त्यांनी ते बांगवेत, सगळ्यांसमोर, कबूल केलंय. वडील माणूस आहे, मी त्यांना माफ केलं."

सूले मशीनवर होता. झलिहाताने रेडिओकडे हात नेला. "बंद करू?"

"राहू दे," सूले म्हणाला. "पुढे बातम्या आहेत."