दाबलेली भुकटी

माझ्या प्रबंधातला मुख्य आलेख दिशाभूल करणारा आहे. तो तसा का आला, ते आता लिहून ठेवतो.

आदिलाबादच्या कॉलेजात मी आणि माझा मित्र रसायनशास्त्र शिकवायचो. तो बोथ गावाकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. हैदराबादच्या एकाच सरांकडे आमची पीएच.डी. चालू होती. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार अल्कलीत थेंबथेंब सोडून आम्ही कृत्रिम माती बनवायचो. ती पांढरी आणि पापुद्र्यापापुद्र्यांची असे. हे पापुद्रे एकमेकांवर नीट जुळून बसतात, की उधळून गोळा केलेल्या पत्त्यांसारखे वाकडेतिकडे फिरलेले असतात? सरांनी ‘जुळून बसतात’ असं छापून टाकलं होतं. मित्र म्हणायचा, फिरलेले आहेत. त्याचा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

एकाच घाण्यातली भुकटी वाटून घेऊन आम्ही हैदराबादला क्ष-किरण यंत्रावर तपासायला नेली. त्यानं साच्यात भुकटी बाजूनं, टिचक्या मारत, सैल भरली. माझी सारखी सांडत होती, म्हणून मी काचपट्टीनं दाबून बसवली. दाबलं की सगळे पापुद्रे आडवे होतात आणि ते फिरलेले असल्याची खूण आलेखात जवळजवळ दिसेनाशी होते. हे मला माहीत होतं. माझ्या आलेखात नुसती टोकदार शिखरं आली. त्याच्या आलेखात मध्येच एक पसरट उतार होता; तीच ती खूण.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांना हवं ते माझ्या कागदावर होतं. तरी त्यांनी तेलुगूत विचारलं, दाबली होती का?

“लेदु सार,” मी म्हणालो. नाही.

मित्र शेजारीच उभा होता. त्याला नमुना खराब केल्याबद्दल बोलणी बसली.

परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, “काऊन रे, खरंच नाही दाबली?”

“नाही म्हटलं ना.”

“मंग माह्याच हातानं घोळ केला. कापूस वेचणारे हात, लेका, त्याहीले यंत्र काय समजते!” आणि तो हसला. माझ्या शब्दावर त्यानं स्वतःचा आलेख खोटा मानला.

पुढे त्यानं संशोधन सोडलं आणि उटनूरच्या शाळेत लागला. मी विभागप्रमुख झालो.

तो वारल्यावर मी उटनूरला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. दोघांची माती एकच होती, पापुद्रे फिरलेलेच होते, त्याचं बरोबर होतं.

 त्या म्हणाल्या, “शाळेत प्रयोगाच्या सामानाले हात नाही लावला त्याहीनं कधी. फळ्यावरच शिकवत. म्हणत, माह्या हाताचं खरं नाही.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आता काऊन सांगून राह्यले, भाऊजी? मले काय समजते त्यातलं? त्याहीले सांगाचं होतं.”