कुणी बोलू नगा

"कुणी बोलू नगा," अध्यक्ष माइकवर म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं.

वाक्य माझं होतं. माझ्या कथेतलं. त्यांनी ते नाकातून काढलं, एक हात कमरेवर ठेवून, मान वाकडी करून. लोक हसले म्हणून पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून.

रविवारची सकाळ. आमच्याच शहरातली, संभाजीनगरातली एक संस्था. दरवर्षी विज्ञानकथेची स्पर्धा घेते. मला उत्तेजनार्थ मिळालं होतं. पहिलं, दुसरं, तिसरं झालं की मग उत्तेजनार्थ, म्हणजे तुम्ही आलात, बरं वाटलं, आता बसा. पण मला आनंद झाला होता, खोटं का बोलू. मी बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते, गारखेड्यात भाड्याच्या खोलीत राहते. माझ्या घराण्यात कुणाचं नाव छापून आलेलं नव्हतं. मी मायला गावाहून बोलावून घेतलं होतं. तिसऱ्या रांगेत बसवलं होतं.

त्या संस्थेची एक पद्धत आहे. पहिलं बक्षीस ज्याला, तो स्वतः आपली कथा व्यासपीठावर वाचतो. बाकीच्यांचे उतारे अध्यक्ष वाचतात आणि चार शब्द बोलतात. अध्यक्ष म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. गोरे, नीटनेटके, आवाज रेडिओवरच्यासारखा. आधीच्या दोघांना ते "आपण" म्हणाले. "आपण फार सुंदर कल्पना मांडलीत." माझ्या वेळेला चष्मा वर करून मला शोधलं आणि म्हणाले, "कुठंय ती? हां. काय गं, तुमच्याकडे असंच बोलतात का?"

मी उभी राहिले. "हो सर," म्हणाले.

आणि हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. हेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही.

ती कथा हसण्याची नव्हती. कथेत पुढचा काळ आहे, अजून पन्नासेक वर्षांनंतरचा. गावात पाणी शोधायला यंत्रं आली आहेत आणि सगळी यंत्रं शून्य दाखवतायत. मग एक म्हातारी कोरड्या बोअरमध्ये खडा टाकते आणि मोजायला लागते. खाली पाणी असलं तर डुबुक होईल, नसलं तर खडा तळाला आपटेल. पण आवाजच येत नाही. डुबुकही नाही, टक्कही नाही. ती मोजत राहते, कारण थांबली तर खाली तळच नाही हे कबूल करावं लागेल. "कुणी बोलू नगा. म्या मोजायले. मोजणी चुकली तर पानी रुसंल." असे दिवस जातात. शेवटी तिचा आवाज बसतो. आणि मग बोअरच्या आतून, खालून, मोजणी ऐकू येते. तिनं जिथं सोडली त्याच्या पुढच्या आकड्यापासून.

ही कथा मी लिहिली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता.

"आता विज्ञान म्हणून बघायचं तर," अध्यक्ष म्हणाले, "खडा खाली पडणारच. गुरुत्वाकर्षण शाळेत शिकवतात. यांच्या गावात शाळा जरा उशिरा पोचली असावी." पुन्हा हशा. "पण करमणूक उत्तम!"

म्हातारी मी मनानं रचलेली नव्हती. ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

उन्हाळ्यात मोटर वर काढली की आमच्याकडं बोअरचं तोंड उघडं असतं. त्यात खडा सोडायचा, कान लावायचा आणि आवाज होईपर्यंत मोजायचं. त्यावरून पाणी किती खोल गेलं ते कळतं. मोजणी सगळेच करतात, पण माझ्या मायची मोजणी चुकत नाही. तिची एक चाल आहे, भरभर, सारख्या अंतरानं. पंचक्रोशीतले बागाईतदार तिला बोलावून न्यायचे. मी लहानपणी तिच्या मागं मागं जायचे. ती गुडघ्यावर बसून बोअरच्या तोंडाला कान लावायची आणि मोठ्यानं मोजायची. त्या वेळी मालकही गप्प उभे राहायचे. तेवढा वेळ माझी माय सगळ्या शिवाराला गप्प करायची.

खडा मायनं टाकायचा, पाणी त्यांनी भरायचं. आम्ही घागर घेऊन कडेला थांबायचो, त्यांचं झालं की आमचं. माझ्या लहानपणी पाचला डुबुक व्हायचं. मी कथा लिहिली त्या उन्हाळ्यात अकरा झाले होते. भोवतालची शेतं कारखान्यांत गेली, त्यांना कुंपणं आली, आणि पाणी खाली खाली जात राहिलं. अध्यक्षांना वाटलं मी शाळेत गेले नाही.

समारंभानंतर बसस्टँडवर मायच्या गावाकडं जाणाऱ्या बिडकीनच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मायच्या मांडीवर माझं प्रमाणपत्र, पिशवीत घालून ठेवलेलं. ऊन तापलेलं. ती म्हणाली, "ते बोलणं माझंच व्हतं ना?"

"हो."

"मंग तू कामून हसली?"

 गाडी आली, ती चढली, खिडकीतून तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

त्यानंतर माय मोठ्यानं मोजायची बंद झाली. मला आधी कळलंच नाही. गावी गेले तेव्हा शेजारची म्हणाली, "तुझी माय आता तोंडातल्या तोंडात मोजती. काय झालं तिला?" मी सोबत गेले. एका मळ्यात बोलावलं होतं. तिनं खडा टाकला, कान लावला, ओठ हलले. आवाज नाही. मालक म्हणाला, "मोठ्यानं मोज ना, आम्हाला बी कळू दे." माय म्हणाली, "नाय. लोक हसतेत." उठून आकडा सांगितला आणि चालायला लागली.

मालकाला कळलं नाही कोण लोक. मला कळलं.

आणि एवढं कळूनही मी काय केलं? त्या वर्षी दुसरी कथा लिहिली. स्वच्छ धुऊन. चंद्रावरची वसाहत, काचेचे घुमट, सगळी पात्रं बातम्या दिल्यासारखी बोलणारी. कुणाला गाव नाही, कुणाला माय नाही, सगळ्यांना "आई". स्पर्धेच्या नियमाप्रमाणं पाच प्रती काढल्या, वर नुसता सांकेतिक क्रमांक टाकला, नाव वेगळ्या पाकिटात बंद केलं. गेल्या वर्षीही नाव पाकिटातच होतं. पण बोली काही पाकिटात मावली नव्हती. या वेळेला मावली.

पहिलं बक्षीस मिळालं.

सचिवांचा फोन आला. खुशीत होते. म्हणाले, "अभिनंदन मॅडम! आणि एक सांगू? या वेळेला भाषा किती स्वच्छ आहे! सर तर म्हणाले, ही तीच मुलगी यावर विश्वास बसत नाही."

मी "थँक्यू सर" म्हणाले. फोन ठेवला.  मग मायला फोन लावला.

"पहिला नंबर आला," म्हणाले. "येशील ना?"

तिनं विचारलं, "या टायमाच्या गोष्टीत म्या हाय का?"

"नाहीस."

"बरं झालं," माय म्हणाली. "मंग येते. हसायचं काय भ्याव नाय."

 रडले नाही. मला माझी चीड आली, एवढी की समोरची ती चंद्रावरची कथा मी चार ठिकाणी फाडली. मग कपाट उघडलं आणि जुनी काढली.

समारंभ त्याच सभागृहात. तेच अध्यक्ष, तीच पहिली रांग. माय तिसऱ्या रांगेत, नवं लुगडं नेसून, हात मांडीवर घट्ट ठेवून. माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, फोटो. अध्यक्ष या वेळेला मला "आपण" म्हणाले. "आपण आता आपली कथा वाचावी."

मी कागद उघडले आणि वाचलं, "कुणी बोलू नगा."

दोन-तीन जण हसले. सवयीनं. मी त्यांच्याकडं बघत थांबले. ते पूर्ण गप्प होईपर्यंत थांबले. मग वाचायला लागले. माझ्या शाळेतल्या आवाजात नाही, मायच्या आवाजात, तिच्याच चालीत. "खडा सोडला. म्या मोजायले. एक. दोन. तीन."

अध्यक्ष बाजूला झुकून हळूच म्हणाले, "ही ती कथा नव्हे."

"हीच ती," मी म्हणाले, माइकवरच.

त्यांनी कोपऱ्यातल्या माणसाला खूण केली. माइक बंद झाला. माझा आवाज एकदम एवढासा झाला, पण सभागृहात इतकी शांतता होती की तो मागच्या भिंतीपर्यंत जात असावा. "पाच. सहा." सचिव पुढं आले आणि त्यांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले. हसतमुखानं, पाहुण्याच्या हातातला रिकामा कप घ्यावा तसे. मला कागद लागत नव्हते. "सात. आठ. नऊ."

सचिवांनी दुसरा माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. मान्यवरांचे, हितचिंतकांचे, फुलवाल्याचे. मोठ्या आवाजात, न थांबता. "दहा," मी ओरडले. "अकरा." आणि घसा बसला. खरंच बसला. तोंड उघडं, आवाज नाही. माझ्या डोक्यात आलं, झालं, बुजवलं यांनी.

"बारा."

खालून आला आवाज. व्यासपीठाच्या खालून, तिसऱ्या रांगेतून. माय उभी होती. डोळे मिटलेले, मान जराशी कलती, बोअरला कान लावल्यासारखी.

"तेरा."

सचिव बोलायचे थांबले. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या त्या बाई मागं वळून बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मी नीट पाहिली. अध्यक्षांच्याही. माझी कथा त्यांना तेव्हा, वर्षानंतर, पहिल्यांदा कळत होती.

"चौदा."

दोन कार्यकर्ते धावले. मायला दंडाला धरून दाराबाहेर नेलं. इकडं पडदा ओढला.

मी पायऱ्यांनी खाली धावले. माय बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी होती, दंड चोळत. मला बघून म्हणाली, "म्या चुकले का मोजाया?"

"नाही माय."

"मधीच धरलं मेल्यांनी. नायतर चाललंच व्हतं."

आठवड्यानं संस्थेचं पत्र आलं. निवड झालेली कथा सोडून दुसरीच वाचली, हा नियमभंग आहे. पारितोषिक रद्द. यापुढील स्पर्धांसाठी आपल्या साहित्याचा विचार केला जाणार नाही. खाली अध्यक्षांची सही, टपोरी, शाईची. नियम मी मोडला हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. एका परिचितानं समजावलं, "माफीचं पत्र दे, मोठी माणसं आहेत, पुढं अडवतील." अडवतील. मला माहीत आहे. विज्ञानकथेचं जग लहान आहे आणि त्यातल्या खुर्च्या त्याहून कमी. माफीचं पत्र मी दिलेलं नाही. देणार नाही.

माय आता पुन्हा मोठ्यानं मोजते. या उन्हाळ्यात एका मळ्यात तिनं खडा टाकला, मी शेजारी होते. अकरा झाले, चौदा झाले, वीस झाले. डुबुक नाही. टक्क नाही. तिसापर्यंत गेली आणि थांबली. मालकाचा चेहरा उतरला होता. त्यानं विचारलं, "किती?"

माय कान न काढता म्हणाली, "अजून चाललाय."

त्या मळ्यात भर दुपारी मला थंडी वाजली. हे मी आधी लिहिलं होतं. लोक हसले होते.

यंदाच्या स्पर्धेची जाहिरात आली तशी मी नवी कथा पाठवली. विचार केला जाणार नाही, हे वाचूनच पाठवली. पुढच्या वर्षीही पाठवणार, त्याच्या पुढच्याही, त्याच पत्त्यावर, नियमाप्रमाणं पाच प्रती. कुणाला तरी पाकीट उघडावं लागेलच. एकच नियम पाळलेला नाही. नाव पाकिटात बंद केलेलं नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, माझं नाव आणि त्याच्याशेजारी मायचं, आमच्या गावासकट. आतलं सगळं बोलणं तिचं, एक अक्षर धुतलेलं नाही.

कथेचा पहिला शब्द आहे, "पंधरा."