बांगड्या आधी वाजल्या

"बांगड्या आधी वाजल्या," वहिनी म्हणायच्या. म्हणताना त्या चेंडूकडे बघतही नसत. आमचा चेंडू तोवर नाल्यात गेलेला असे. आणि हो, बांगड्या आम्हा पुरुषांच्या हातात असत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वहिनी गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचे यजमान इंजिनियर, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. गोल्फचं वेड साहेबांचं. रविवारी सकाळी ते मैदानावर निघाले की वहिनी सोबत म्हणून जायच्या. पुढे साहेबांपेक्षा त्याच बऱ्या खेळायला लागल्या. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि डाव्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या.

मैदानावर साहेब आम्हा चार-पाच शिकाऊंना इंग्रजी पुस्तकातून शिकवायचे. खांदे आणि मूठ यांचा त्रिकोण मोडायचा नाही. काठी खाली आणताना मनगट दुमडलेलंच ठेवायचं, काठीचं टोक मागून येऊ द्यायचं, अगदी चेंडूपाशी सोडायचं. आम्हाला कळायचं सगळं, जमायचं काहीच नाही. घाई नडायची, मनगट वरच सुटायचं. वहिनींनी सोपं केलं. "मनगट सुटलं की बांगड्या वाजतात. खांद्यापाशी वाजल्या की चुकलं. खाली, चेंडूपाशी वाजल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी कासाराकडून मोठ्या मापाच्या बांगड्या घेऊन आल्या.

आमच्यात सटाण्याचे एक कांद्याचे व्यापारी होते, अण्णा. त्यांनी बांगडी चिमटीत धरली.

"वहिनी, हाई काय शे? लोक हसतील."

"लोक आत्ताही हसतातच, अण्णा. चेंडू कुठे जातो बघा."

अण्णांनी बांगडी चढवली. सगळ्यात आधी त्यांची बायकोच हसली, बाकावर बसून, डोळ्यांत पाणी येईतो. साहेबांनीही घातली. एवढा भारदस्त मिशीवाला माणूस बायकोपुढे हात करून उभा राहायचा आणि ती त्याची बांगडी नीट सारून द्यायची. ते बघायला मला फार आवडायचं.

दोन हजार सालानंतर साहेब हृदयविकाराने गेले.

वहिनी बरेच महिने मैदानावर फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा दोन्ही मनगटं मोकळी होती. घरात मोठ्या जाऊबाई होत्या, रीत होती. मला त्या रितीचा तेव्हा फार राग आला. वहिनींनी काठी उचलली. चेंडू नाल्यात. दुसरा, तोही नाल्यात. मनगट वरच सुटत होतं, आम्हा शिकाऊंनाही दिसत होतं. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या.

"मला ऐकू येत नाही हो," म्हणाल्या.

आम्ही पुरुषमाणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिलो.

पुढच्या रविवारी अण्णांची बायको बाकावर बसली नाही. सरळ वहिनींपाशी गेली. तिच्या रुमालात दोन हिरव्या बांगड्या होत्या.

"वहिनी, हात द्या."

"अहो, नको. घरी काय सांगू?"

"सांगा, हाई खेळासाठे शे."

तिनं वहिनींचा हात धरला आणि दाबून दाबून बांगड्या भरल्या. वहिनींनी मान फिरवली होती. मग त्यांनी चेंडू मारला. बांगड्या खाली वाजल्या, पार गवतापाशी, आणि चेंडू नाला ओलांडून गेला. निघताना त्या बांगड्या काढून ठेवतील असं मला वाटलं होतं. वहिनी त्या घालूनच घरी गेल्या.

वहिनींनी घरी खरं काय ते सांगितलं आणि त्यापायी जाऊबाईंनी बरेच दिवस अबोला धरला, असं कानावर आलं. वहिनींनी रविवार चुकवला नाही, आणि बांगड्याही उतरवल्या नाहीत.

काही वर्षांनी वहिनी गेल्या. मी आणि अण्णा ओसरीत उभे होतो. आत अंघोळ घालायला बायका जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आधी त्या बांगड्या उतरवा."

कोपऱ्यात जाऊबाई बसल्या होत्या. आता पार थकलेल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिला त्यांच्याशिवाय ऐकू येत नाही."

मग कुणी हात लावला नाही.