सालीएवढा कडक थर

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'चकाचक' म्हणतात. चपला घासतील, नळ घासतील, मी आत्ताच घासलेलं पातेलंसुद्धा पुन्हा घासतील. लग्नानंतर मला वाटलं, नवरा मदतीचा मिळाला. कसली मदत! माझं काम नापास करायचं, एवढंच.

ह्यांचं काम लोखंड मळायचं. हसू नका. जाड पिन गरगर फिरत पोलादी पट्टीत घुसते. घर्षणाने पट्टी लाल होते, वितळत नाही, नुसती मऊ पडते, आणि पिन तिला कणकेसारखी मळत पुढे सरकते. आतले जाडेभरडे कण मोडून बारीक होतात. कण बारीक तेवढं लोखंड कडक, हे मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की परीक्षा द्यायला मीच बसेन.

यंदा मालकांनी स्पष्ट सांगितलं, ही शेवटची पट्टी गिऱ्हाइकाच्या चाचणीत कडक ठरली तर शेड चालेल, नाहीतर कुलूप. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार? घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आम्ही जीव मुठीत धरून होतो.

पिन झिजलेली, नवी मिळेना. ती खोल जाईना, वरवरच मळत राहिली आणि पट्टी संपता संपता पिनच मोडली. तरी कापलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कण पिठासारखे. त्या दिवशी हे गुणगुणत घरी आले.

पुढचं मला त्यांच्या सोबत्याने सांगितलं. पट्टीवर पिनेच्या वाटेचे वळ उठले होते. चाचणीपुरती जागा हलकेच सपाट केली असती तरी भागलं असतं. पण गिऱ्हाइकापुढे खडबडीत पट्टी ठेवायची? ह्यांना ते सोसेना. चाकावर धरून घासली, परत घासली, पार आरसा होईपर्यंत. कडक थर मुळात सालीएवढा. तो सगळा चाकाखाली गेला.

हिऱ्याचं टोक दाबलं तर खड्डा मोठा पडला, म्हणजे लोखंड मऊ. दुसरीकडे दाबलं, तेच. गिऱ्हाईक म्हणे, पट्टी दिसायला सुंदर आहे. संध्याकाळी शेडला कुलूप लागलं.

हे घरी आले ते थेट नळाखाली बसून कढईचं काळं बूड घासायला लागले. मला राग आला, रडू आलं. शेवटी कढई ओढून घेतली.

"पुरे हो. भोक पडेल."

"थोडंच राहिलंय," ते म्हणाले.

कढई माझ्याकडे होती. ह्यांचा हात गुडघ्यावर तसाच घासत राहिला.