आठ फुटांवरून

वडशात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, झेरॉक्स, सगळं चालतं. रोल मागणारं गिऱ्हाईक मात्र आता एकच उरलंय, ते म्हणजे इस्तारीभाऊ. ते यायच्या आधी दुकानात मासळीचा वास येतो. मी नाक धरून दाखवतो, ते हसतात आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेला कॅमेरा काउंटरवर ठेवतात.

इस्तारीभाऊ जवळच्याच एका गावात तलावाकाठी राहतात. बापजाद्यांपासूनचा धंदा मासे धरायचा, जोडीला दीड एकर धान. बावीस वर्षांपूर्वी पाणपाखरं मोजायला एक बाई तिथे आल्या होत्या. इस्तारीभाऊंनी दोन हिवाळे त्यांना आपल्या डोंग्यातून तलावभर फिरवलं. जाताना बाईंनी स्वतःचा छोटा कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. मुठीत मावणारा, बटण दाबलं की भिंगाची नळी घुर्रर्र करत बाहेर येणारा रोलचा झूम कॅमेरा. त्याच साली इस्तारीभाऊंना मुलगी झाली, दामिनी.

तेव्हापासून त्यांचा एक नेम. तान्ह्या पोळ्याला लेकरं आपापले लाकडी बैल सजवून गावात फिरवतात. त्या संध्याकाळी दामिनीला बैलासकट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं करायचं आणि फोटो काढायचा. पहिल्या वर्षी तर ती आईच्या कडेवरच होती. कॅमेरा मोठा सावकाश. आधी त्याचा लाल दिवा लुकलुकतो, मग फ्लॅश पडतो, आणि मधल्या वेळात पोर हललं की फोटो वाया. म्हणून ते दरडावायचे, “हालू नको.” फ्लॅश पडला की म्हणायचे, “हं, हाल आता.” त्यांनी असं म्हटल्याशिवाय ती पापणीसुद्धा हलवायची नाही. कॉलेजात गेली तरी लाजत लाजत उभी राहायची. असे एकोणीस फोटो मीच धुवून आणलेत, म्हणजे ही पोरगी माझ्याच दुकानात मोठी झाली म्हणा ना.

विसावा फोटो नाही. त्या वर्षी दामिनी नाटकात गेली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात आणि कंपन्यांची ऑफिसं इथे वडशातच आहेत. नाटकावर जीव ओवाळून टाकणारी माणसं आम्ही, पण घरची पोरगी स्टेजवर चढली की आमच्या पोटात दुखतं. इस्तारीभाऊ तिला म्हणाले, “जा. पन पुन्हा माह्या डोळ्यापुढं येऊ नको.” तीही त्यांचीच लेक. आली नाही. तिची आई चंदाबाई चोरून फोनवर बोलायची तेवढंच. त्या वर्षीचा आणि यंदाचा, असे अल्बममधले दोन खिसे रिकामे राहिले.

यंदा डिसेंबरात इस्तारीभाऊ आले आणि काउंटरवर वाकून विचारते झाले, “धनराजभाऊ, झूममधी दूरचं किती जवळ येते?”

माझी जीभ पडली दुकानदाराची. “पल्याडच्या पाळीवरचा बगळा मांडीवर येऊन बसते! काऊन, पाखराचा फोटो काढून राह्यले का?”

“हो, पाखरूच म्हना.”

मी रोल चढवून दिला. रोल आता नागपूरहून मागवावा लागतो आणि धुवायलाही तिकडेच पाठवावा लागतो. पंधरा दिवसांनी प्रिंट आल्या आणि मी पोट धरून हसलो. छत्तीसच्या छत्तीस वाया गेलेल्या. पुढे कानटोप्या-मफलर घातलेली पांढरीफट्ट डोकी, तीही पाठमोरी. त्यांच्या मागे नुसता अंधार आणि अंधारात दोन-तीन पिवळे ठिपके.

“इस्तारीभाऊ, हे कोनतं पाखरू? कानटोपीवालं?”

ते हसले नाहीत. एकेक प्रिंट दाराच्या उजेडात धरून पाहत राहिले. मग एका पिवळ्या ठिपक्याशेजारी बोट ठेवून म्हणाले, “इथी दामिनी आहे.”

मग त्यांच्याकडून सगळं कळलं. तीन गावांत ते सायकलने तिच्या नाटकामागे हिंडले होते. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि सगळ्यांच्या मागे, अंथरलेल्या धानाच्या तणसावर बसायचं.

“मीच तिले म्हटलं, डोळ्यापुढं येऊ नको. आता कोन्या तोंडानं समोर जाऊ? म्हटलं, झूम आहे, दुरूनच घेऊन टाकू. तेवढा तरी फोटो राहीन अल्बमात.”

बगळा मांडीवर बसवणारा शहाणा मी! मला माझीच चीड आली. मी त्यांना समजावलं, “झूम मानसाले जवळ आनते भाऊ, उजेडाले नाई. झूम पुरा तानला का तुमचा फ्लॅश आठ फुटाच्या पुढं जात नाई. पुढच्या लोकाईच्या टोप्याच उजळल्या त्यानं.”

“मंग?”

“मंग का? आठ फुटावर जा.”

“आठ फूट,” ते पुटपुटले. “माह्या डोंग्याचा बांबूबी त्याच्याहून लंबा आहे.”

नवा रोल चढवला आणि या खेपेला मीही सोबत निघालो. एकटे गेले असते तर तणसावरून उठलेच नसते. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरलेलं गाव, मंडप खचाखच. मी पुढच्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या, तरी इस्तारीभाऊ थेट मागे जाऊन बसले. मग मीही तिथेच बसलो, काय करता!

पहिल्याच अंकात दामिनी आली. घर सोडून गेलेल्या नवऱ्याला जाब विचारणारी बायको. काय बोलत होती पोरगी! शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. मी इस्तारीभाऊंकडे वळलो तर जागा रिकामी.

ते बसलेल्या माणसांमधून पाय ठेवायला जागा शोधत पुढे चालले होते. “ए बुढ्या, बस न खाली!” “काऊन उभा राह्यला बे?” चहूकडून ओरडा सुरू झाला. ते थांबले ते स्टेजपासून आठ फुटांवरच. डोक्यावरचा टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला. भिंगाची नळी बाहेर आली आणि लाल दिवा लुकलुकला.

दामिनीने तो दिवा ओळखला. अर्ध्या वाक्यात ती थांबली, एक हात वर उचललेला, तशीच. फ्लॅश पडला. तरी ती हलेना. पेटीवाला मान वर करून पाहू लागला, विंगेतला प्रॉम्प्टर तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगू लागला. ओरडणारेही गप्प झाले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. ती कशासाठी थांबली आहे, ते अख्ख्या मंडपात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

इस्तारीभाऊंनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला.

“हं,” ते म्हणाले. “हाल आता, माय.”

ती हलली. वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच तिने पुढे उचललं आणि लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोर!” आणि इस्तारीभाऊंनी खरंच कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.